पाचटाखालची माती आणि विजेचे माप

जमिनीच्या आरोग्यपत्रिकेत बारा गोष्टींची नोंद असते. नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द खताच्या पोत्यांमुळे शेतकऱ्याच्या ओळखीचे झाले आहेत. सामू म्हणजे आंबट की खारट, एवढे त्याला ठाऊक असते. परंतु 'विद्युत वाहकता' ह्या नोंदीपाशी तो थांबतो. मातीचा आणि विजेचा काय संबंध? पुढे ०.४ किंवा १.३ असा एक चिमुकला आकडा असतो, आणि ह्या आकड्यावरून जमीन 'चांगली' की 'खारवट' हे ठरते.

आम्ही कारखान्यांतील कामगारांत वावरणारी माणसे. मातीचे शास्त्र आम्ही कोणत्या महाविद्यालयात शिकलो नाही. लागेल तसे वाचून, विचारून जे समजले ते येथे मांडीत आहोत. मग ह्या विषयाशी आमचा संबंध कसा आला? कोरेगाव भीमाचे नाव निघाले की श्रोत्यांना १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि तेथला जयस्तंभ आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण आजचे कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा सारा नगर रस्त्याचा पट्टा कारखान्यांचा आहे, आणि त्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या पुष्कळ माणसांची भीमेच्या काठी एकर-दोन एकर जमीन आहे. अशा माणसाच्या घरात पगारपत्रक आणि सात-बारा एकाच पिशवीत असतात. पगारपत्रकातली कपात समजून घ्यायला तो संघटनेच्या कचेरीत येतो, तेव्हा हा दुसरा कागदही आमच्यापुढे ठेवतो. "एवढं बघा, यात काय लिहिलंय?"

आणि प्रश्न साधा नसतो. आकडा एकाच्या वर गेला असेल तर कोणी सांगतो, जमीन खारावली, जिप्सम टाका. कोणी सांगतो, कशाला टाकता, विकून मोकळे व्हा. भूखंड पाडणारे दारात उभेच आहेत, आणि 'खारवट' म्हटल्यावर भाव पाडायलाही त्यांना बरे. उलट आकडा लहान असेल तर शेतकरी निर्धास्त होतो आणि पाटाचे पाणी पूर्वीसारखेच सोडीत राहतो. जमिनीचा विक्रय व्हायचा की तिच्यावर खर्च व्हायचा, हे ज्या आकड्यावर ठरते तो आकडा कसा जन्मास येतो हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. आणि उसाच्या शेतात तर त्या आकड्याच्या जन्मातच एक भागीदार असतो. तो म्हणजे पाचट.

प्रथम विजेचे पाहू. निव्वळ शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. त्यात मीठ विरघळले की मिठाचे विद्युतभारित कण सुटे होतात आणि विजेचे वहन तेच करतात. जितके क्षार अधिक, तितकी वाहकता अधिक. प्रयोगशाळेत वाळवून चाळलेली माती घेतात, आपल्याकडील रीतीप्रमाणे तिच्या अडीचपट पाणी घालतात, ढवळून निवू देतात आणि त्या पाण्यात दोन पट्ट्यांचा मापक बुडवितात. प्रवाह उलटसुलट फिरणारा घेतात, नाहीतर पट्ट्यांवरच कण साचून माप बिघडते. येणारा आकडा 'डेसीसायमन प्रति मीटर' ह्या एककात सांगतात. जुन्या पुस्तकांत 'मिलीम्हो' म्हणून जे एकक आढळते ते, दर सेंटिमीटरला मोजले असता, तेवढेच असते. आकडा १ च्या आत असेल तर जमीन सर्वसाधारण. १ ते २ असेल तर बियाण्याच्या उगवणीस बाधा येऊ शकते. त्यावर जसजसा चढेल तसतशी एकेक पिके हार खातात.

येथेच पहिली गल्लत होते. अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या क्षार-प्रयोगशाळेने १९५४ साली जे प्रसिद्ध हस्तपुस्तक काढले त्यात क्षारयुक्त जमिनीची मर्यादा ४ धरली आहे. पण ती मातीचा चिखल करून त्यातून काढलेल्या अर्काची आहे, अडीचपट पाण्याची नव्हे. आपल्या भारी काळ्या मातीत अर्काचा आकडा पातळ पाण्याच्या आकड्याच्या साधारण तिप्पट-चौपट भरतो. ऊस हे पीक अर्काचा आकडा १.७ च्या पुढे गेला की उत्पन्नात घट दाखवू लागते असे मानले जाते. म्हणजे आरोग्यपत्रिकेतील ०.५-०.६ हा निरुपद्रवी दिसणारा आकडाही उसाच्या दृष्टीने उंबरठ्यावरचा असू शकतो. एवढ्या अरुंद जागेत खेळ चाललेला असताना दशांशाने झालेली चूकही लहान राहत नाही.

दुसरी गोष्ट थोडी गमतीची आहे. १८९७ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील व्हिटनी, गार्डनर व ब्रिग्ज ह्यांनी शेतातल्या मातीतून वीज सोडून पाहिली ती क्षार मोजण्यासाठी नव्हे, तर ओल मोजण्यासाठी! ओली माती वीज अधिक नेते, कोरडी कमी, म्हणून ओलीचे माप विजेने घ्यावे असा त्यांचा बेत होता. तो नीटसा तडीस गेला नाही, कारण क्षार मध्ये येत. पुढे लोक क्षार मोजू लागले तेव्हा ओल मध्ये येऊ लागली. हे भांडण आजतागायत मिटलेले नाही. प्रयोगशाळेत माती वाळवून ठरावीक पाणी घालतात म्हणून तेथे ओलीचा प्रश्न सुटतो. शेतात सळई खुपसून मोजणाऱ्या यंत्रापुढे मात्र तो जसाच्या तसा उभा असतो. तेथे क्षार, ओल, चिकणमातीचे प्रमाण आणि उष्णता हे चौघे मिळून एक आकडा देतात आणि कोणाचा वाटा किती ते सांगत नाहीत.

खारवटपणाची भीती आपल्या जिल्ह्यास नवी नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, ऊस आला, आणि पाव शतकाच्या आत जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनी ताम्हणे ह्यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारट जमिनींवर १९१० साली एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. ह्याच मॅनसाहेबांनी पुढे कानिटकरांना बरोबर घेऊन शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक ह्या गावाची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९२१ सालचा. कोरेगावापासून हे गाव काही दूर नाही. त्या काळी तो कोरडवाहू मुलूख, तेथे चिंता पाणी नसण्याची होती. आज चासकमानचा कालवा शिरुरात आला आहे, मुठेचा उजवा कालवा दौंडातून जातो, भीमेवर बंधारे आहेत; आणि पाण्याबरोबर येणारी नीरा खोऱ्याची ती जुनी चिंताही दाराशी आली आहे.

आता पाचट. बाजरीचा कडबा, गव्हाचे काड ह्यांना गुराढोरांच्या दावणीत किंवा बाजारात वाट आहे. उसाचे हिरवे वाढेही गुरे खातात. वाळलेले पाचट मात्र ती तोंडात धरीत नाहीत, आणि ते हेक्टरी ८ ते १० टन निघते. ऊसतोड झाली की शेतभर गुडघ्याएवढा थर. पूर्वी त्याला सरळ काडी लावीत, काही ठिकाणी अजूनही लावतात. शहाणे शेतकरी खोडवा राखताना ते सरीत दाबतात, बरेचदा एक आड एक सरीत, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकतात आणि उरलेल्या मोकळ्या सरीतून पाणी देतात. हे चांगलेच आहे. ओल टिकते, तण दबते, सेंद्रिय कर्ब वाढतो. परंतु माती तपासणारा माणूस नेमका ह्याच वेळी येतो. मृद आरोग्यपत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या नियमांतही नमुना पीक निघाल्यावर, शेत मोकळे असताना घ्यावा असे होते. गव्हाच्या शेताला ते ठीक लागू पडते. उसाचे शेत पीक निघाल्यावर मोकळे नसते. तेव्हाच ते सर्वांत झाकलेले असते.

पाचट आकड्यावर किती परिणाम करते? अदमासे हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पाचटात पालाश साधारण पाऊण टक्का धरू. आठ टनांत ते ५५-६० किलो झाले. हे पालाश पाचटात घट्ट बांधलेले नसते. पाऊस किंवा पाणी पडले की भराभर धुपून मातीत उतरते. (खात्री करायची असेल तर मूठभर पाचट रात्रभर तांब्याभर पाण्यात भिजवावे. सकाळी पाणी चहाच्या रंगाचे होते, आणि मापक घातला तर आकडा चढलेला दिसतो.) एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे वीस लाख किलो भरतो. सारे पालाश ह्या थरात एकसारखे मिसळले तर वाहकतेचा आकडा जेमतेम ०.०३ ने वाढतो. हे नगण्य आहे. पण पहिल्या पाण्यानंतर ते एकसारखे मिसळलेले नसते, वरच्या बोटभर मातीत असते. नमुना घेणाऱ्याने उन्हाचा कंटाळा करून खुरप्याने वरचीच माती खरवडून पिशवीत भरली, तर तेच पालाश आकडा ०.४ ने चढवू शकते. जमीन तीच, पीक तेच. खुरपे किती खोल गेले एवढ्यावरून ०.६ ची नोंद १ वर जाते. म्हणूनच वरचा काडीकचरा बाजूस सारून, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घेऊन, १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतची सारखी चकती कापावी असा नियम आहे. नियम जुना आहे आणि कंटाळवाणा आहे, पण त्यामागे हा हिशोब आहे.

पाचट जाळले तर? राखेत पालाश दहा-बारा पटींनी एकवटते आणि ते विरघळण्यास तयारच असते. प्रयोगशाळेत २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर पाण्यात घेतली आणि तिच्यात एक दशांश ग्रॅम, म्हणजे नखावर मावेल एवढी राख आली, तरी आकडा ०.४ च्या आसपास वाढतो असे आमच्या हिशोबात निघते. शिवाय राखेने सामूही वर जातो, म्हणजे 'चोपण' हा दुसरा शिक्का मारायला निमित्त मिळते. शेत मोजणीसाठी स्वच्छ दिसावे म्हणून पाचट पेटवून देण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती सर्वांत वाईट आहे. कर्ब जळून जातो तो जातोच, वर आकडाही खोटा होतो.

आतापर्यंत पाचट आकडा वाढवते एवढेच सांगितले. ते उतरवतेही. चैत्र-वैशाखात उघड्या काळ्या जमिनीतून पाणी वर ओढले जाते, उडून जाते आणि क्षार मात्र पृष्ठभागावर ठेवते. पांढरी पोपडी दिसते ती हीच. पाचटाने झाकलेल्या सरीत हे बाष्पीभवन मंदावते, म्हणून वरच्या थरात क्षार कमी साचतात आणि नमुना सोज्वळ येतो. शेजारच्या उघड्या वरंब्याच्या माथ्यावर मात्र क्षार गोळा झालेले असतात, कारण सरीतले पाणी तिकडेच चढते. एकाच शेतात, दोन हातांच्या अंतरावर, दोन वेगळे आकडे. आणि दोन्ही खरे. कुजण्याच्या क्रियेचेही असेच आहे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे, म्हणून सुरुवातीला जिवाणू मातीतले विरघळलेले नत्र स्वतःकडे ओढून घेतात व वाहकता किंचित घटते. पुढे कुजणे संपत आले की तेच नत्र परत मिळते व ती वाढते. मध्येच युरिया पडला असेल तर तो वेगळा. खत टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना जमिनीविषयी कमी आणि खताच्या पोत्याविषयी अधिक बोलतो.

पाचटाखाली आकडा उतरला म्हणजे क्षार शेतातून गेले असे मात्र समजू नये. ते खाली बसलेले असतात. चर खोदून पाण्याला वाट दिली आणि पावसाने ते धुऊन नेले तरच जमीन सुटते. जिप्समचा उपयोग सोडियमने चिकट झालेल्या चोपण जमिनीला आहे. नुसत्या विद्राव्य क्षारांनी भरलेल्या जमिनीला निचरा हवा. वाहकतेचा एकटा आकडा बघून जिप्समची पोती विकणारा माणूस औषध बरोबर देतो की नाही हे सामू व सोडियम पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बारा रकान्यांचा एक कागद बारा सुट्या निकालांसारखा वाचला जातो, हे आम्हांस वारंवार दिसते.

हल्ली बाजारात शेतात खुपसून आकडा दाखविणाऱ्या सळया मिळतात, आणि मोठ्या बागाईतदारांकडे ओढत नेण्याची यंत्रेही येऊ लागली आहेत. त्यांच्या बाबतीत पाचटाची अडचण निराळी आहे. सळईचे टोक पाचटाच्या गादीत अडकले किंवा टोक व माती यांच्यामध्ये हवा राहिली तर वीज मातीत शिरतच नाही. आकडा खाली येतो आणि शेतकरी खूश होतो. काही यंत्रे मातीस न शिवता चुंबकीय क्षेत्राने काम करतात. त्यांना सळईची अडचण नाही, पण पाचटाच्या थरावर ठेवल्याने ती जमिनीपासून तेवढी उंच राहतात आणि पृष्ठभागाजवळचा भाग त्यांना कमी दिसतो. उष्णतेचेही ऐका. दर अंशाला वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते, म्हणून आकडा २५ अंशांवर आणून सांगण्याचा प्रघात आहे. मे महिन्याच्या दुपारी उघडी माती पाचटाखालच्या मातीपेक्षा १० अंशांनी तापलेली असेल आणि यंत्र ती दुरुस्ती करीत नसेल, तर केवळ उन्हामुळे एक पंचमांशाचा फरक पडतो. उलट पाचटाखालची ओल आकडा वर नेते. ऊन एकीकडे ओढते, ओल दुसरीकडे, हवेची फट तिसरीकडे. अशा सळईने दोन शेतांची तुलना करणे धोक्याचे. एकाच शेतात, एकाच जागी, सारख्या ओलीवर, पाचट सारून, सकाळच्या वेळी दर महिन्यास मोजले तर मात्र चढ-उतार समजण्यास ती उपयोगी पडते.

ऊसतोड कामगार टनावर मजुरी घेतो. काटा मोळीचे वजन सांगतो, मोळीत काय बांधले आहे ते सांगत नाही. म्हणून काट्याजवळ आपला माणूस असावा असे तो म्हणतो. मातीच्या पिशवीजवळही आपला माणूस असावा, असे आम्हांस वाटते. त्याला कारणही आहे. योजनेच्या मूळ नियमांप्रमाणे बागाईत भागात अडीच हेक्टरांस एक नमुना आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांस एक. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांहून अधिक. भीमाकाठी तेवढ्यात चार-पाच खातेदार सहज बसतात. एकाने पाचट जाळलेले, दुसऱ्याने सरीत दाबलेले, तिसऱ्याचा कांदा नुकताच निघालेला. आणि नमुना एक. हा आकडा तालुक्याचा नकाशा काढण्यास पुरेसा आहे. आपल्या दीड एकराचा सौदा त्यावर करावा, इतका तो आपला नाही.

शहरातील श्रोत्यांना वाटेल, हा सारा खेड्यातला प्रश्न. तसे नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेत जाते. ती नदी शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळते आणि वाटेत हवेली-दौंडच्या शेतांना पाणी पुरविते. आपल्या न्हाणीघरातला साबण आणि स्वयंपाकघरातले मीठ त्या पाण्यातून शेतात उतरते. ते क्षार किती हे कळायचे तर माप स्वच्छ हवे. पाचटाचे पालाश आणि शहराचे मीठ दोन्ही एकाच आकड्यात मिसळलेली असली, तर शहराला हात झटकण्यास सोपे जाते: "तुमच्या पाचटामुळे आकडा वाढला असेल." पाचटाचा वाटा वेगळा काढून दाखविणे ही म्हणून शेतकऱ्याच्या बाजूची गोष्ट आहे.

तो काढता येतो, आणि खर्च एका जादा पिशवीचा आहे. पाचट दाबलेल्या सरीतून पाच-सहा जागी व उघड्या सरीतून तितक्याच जागी, दोन्हीकडे वरचे पाचट व राख हाताने सारून, वितीएवढ्या खोलीपर्यंतची माती घ्यावी; दोहोंची सरमिसळ करू नये. खत टाकून महिना तरी लोटलेला असावा. वरंब्याच्या माथ्याची, बांधालगतची, झाडाखालची व शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. माती सावलीत वाळवावी आणि चाळताना पाचटाचे तुकडे वेचून टाकावेत. शंभरात एक भाग पाचट राहिले तरी ०.०७ ची भर पडते. शक्य झाल्यास दोन फूट खोलीची एक तिसरी पिशवी असावी, कारण खाली बसलेले क्षार तीच दाखविते. प्रयोगशाळेत विचारावे की आकडा अडीचपट पाण्याचा आहे की चिखलाच्या अर्काचा, आणि उत्तर निकालपत्रावर लिहून घ्यावे. प्रत्येक पिशवीत तारीख, खोली, पाचट होते की नव्हते आणि शेवटचे पाणी केव्हा दिले, ह्या चार गोष्टींची चिठ्ठी घालावी. ती पेन्सिलीने लिहावी; ओल्या मातीत शाईचे अक्षर टिकत नाही.